मान वर न करता चरणारं चितळ

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चितळ दिसणं ही काही कमाई नाही. मुख्य फाटकातून आत शिरून कान्हेरीच्या रस्त्याला लागलं की कळप भेटतोच. कधी दहा-बारा मीटरवर चरत असतो आणि शेजारून सायकली गेल्या तरी हलत नाही. सहाशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली तर पहिल्या अर्ध्या तासात पोटभर फोटो मिळतात. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीला माणूस कॅमेरासुद्धा उचलत नाही. ‘चितळच आहे, चला पुढे,’ हे वाक्य त्या रस्त्यावर किती वेळा ऐकू येतं! मला ते दर वेळी खटकतं. एवढं देखणं जनावर केवळ संख्येने जास्त आहे म्हणून बघण्यातून बाद व्हावं, हे बरोबर नाही.

जिथे परवान्याने हरणांची शिकार चालते, त्या देशांत हरणं फार झाली की मुरलेले शिकारी बंदूक ठेवून धनुष्य घेतात, मचाणावरून उतरून जमिनीवर येतात, नाहीतर वयस्क नर सोडून कशावरच नेम धरायचा नाही असं ठरवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण हत्यार कमी करायचं आणि निवड कडक करायची, ही त्या लोकांची रीत कॅमेऱ्यालाही लागू पडते. नोव्हेंबर ते मे असा एक अख्खा हंगाम मी त्या रीतीने काढला. कोणते नियम टिकले, कोणते मोडले आणि का, ते लिहितो.

आधी हद्द. मनाने रस्ता सोडून झाडीत शिरायचं नाही. आतल्या पायवाटांवर जायचं तर उद्यानाची परवानगी आणि सोबत त्यांचा माणूस हवा. सोमवारी उद्यान बंद असतं. आवाज वाजवून जनावर बोलवायचं नाही, काही खायला टाकायचं नाही, पडलेलं शिंगसुद्धा उचलून आणायचं नाही, कारण तोही गुन्हाच आहे. म्हणजे जनावराच्या मागे जाणं इथे नाहीच. बरोबर जागा निवडून बसायचं आणि जनावराला आपणहून समोर येऊ द्यायचं. एकदा हे मान्य केलं की काम आपोआप अवघड होतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: ज्या फोटोत चितळ माझ्याकडे बघतंय, तो फोटो बाद. नुसता एक कान माझ्या दिशेने वळलेला असला तरी बाद.

यासाठी चितळाचा चेहरा वाचता यावा लागतो. चरणारं चितळ सावध होतं तेव्हा आधी मान वर करत नाही, आधी त्याचा जबडा थांबतो. ओठातून गवताची काडी तशीच लोंबत राहते आणि चावणं बंद होतं. चावताना स्वतःच्याच तोंडाचा आवाज कानात होतो, तो थांबवून ते ऐकत असतं. मग एक कान फिरतो, दुसरा कळपाकडेच असतो. मग मान वर येते आणि दोन्ही कान पुढे होतात. त्यानंतर पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटणं, शेपटी वर होऊन खालचा पांढरा भाग दिसणं, आणि शेवटी ती बारीक, तीक्ष्ण हाक. बहुतेक फोटोग्राफर मान वर आली की बटण दाबतात, कारण तेव्हा डोळे छान दिसतात. माझ्या मते तोवर बाजी हातची गेलेली असते. जबडा थांबला की मी हात थांबवतो, कॅमेरा डोळ्याला असेल तर तिथेच ठेवतो. पुन्हा चावणं सुरू व्हायला कधी वीस सेकंद लागतात, कधी दोन-तीन मिनिटं. एवढा वेळ हात वर धरून राहता येत नाही, म्हणून मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याखालचा एकपायी दांडा, लागतो. ट्रायपॉडचे पाय पसरताना होणारी हालचाल फार मोठी असते.

आता हत्यार. चितळाचा नर खांद्याशी साधारण ९० सेंटिमीटर उंच. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ६०० मिमीची लेन्स ३० मीटरवरून सव्वा मीटरच्या आसपास उंचीची चौकट देते, म्हणजे जनावर आख्खी चौकट भरून टाकतं. मी हंगामभर फक्त ५० मिमी वापरली. लहान सेन्सरवर हेच काम ३५ मिमी करते. १५ मीटरवरून ही लेन्स सुमारे सात मीटर उंच आणि पावणेअकरा मीटर रुंद जागा पकडते, त्यात चितळ उंचीच्या आठव्या हिश्शाएवढं येतं.

एवढंसं जनावर फोटोत उठून दिसणं हीच खरी कसोटी. टेलिलेन्समध्ये मागची झाडी विरघळून जाते, इथे तशी सोय नाही. ५० मिमीला एफ/४ वर (हा लेन्सच्या छिद्राच्या मापाचा आकडा) १५ मीटरला फोकस केला की साधारण नऊ मीटरपासून पन्नास मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. मागची प्रत्येक काटकी, प्रत्येक वाळकं पान, आणि त्या ठिपक्या-ठिपक्यांच्या उन्हात ठिपक्यांचं चितळ! पहिल्या महिन्यातले माझे बहुतेक फोटो याच कारणाने गेले. स्क्रीनवर जनावर शोधावं लागत होतं. उपाय एकच सापडला: आधी चौकट ठरवायची, मग जनावराची वाट बघायची. झाडांमधली मोकळी फट, मागे गडद सावली आणि फटीत उन्हाचा पट्टा, अशी जागा हेरायची. चितळ त्या पट्ट्यात आलं तर फोटो, नाही आलं तर नाही. पट्ट्यातल्या उन्हात पांढरे ठिपके पार उडून जातात, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सकाळी सावलीत एफ/४ आणि १/२५० सेकंदाच्या शटरला आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची ताकद, १६०० ते ३२०० लागतो. चरताना मान सतत हलत असते, १/१२५ ला तोंड पुसट येतं.

एका सकाळी बाराच फोटो, एकेक करून. बर्स्ट, म्हणजे एका दाबात फोटोंची रांग, बंद. बारा हा आकडा मी असाच धरला, पण त्याने हात आवरतो. कॅमेऱ्याचा आवाज मात्र बंदच ठेवतो. आवाज चालू ठेवला तर काम आणखी अवघड होईल हे खरं, पण ती अडचण आपल्या वाट्याला येण्याऐवजी जनावराच्या वाट्याला येते.

वाऱ्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं, आणि सगळ्यात जास्त सकाळीही त्यानेच वाया घालवल्या. मुंबईत हिवाळ्यात पहाटेपासून वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून. ऊन तापलं की अकरा-बाराच्या सुमारास तो उलटतो आणि पश्चिमेकडून समुद्राचा वारा आत येतो. सकाळी वारा तोंडावर घ्यायचा तर पूर्वेकडे तोंड करून बसावं लागतं, आणि मग सूर्य थेट लेन्समध्ये. वास लपवावा तर उजेड जातो, उजेड साधावा तर पाठीवरचा वारा आपला वास कळपापर्यंत पोचवतो. मी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून बसतो. वारा आडवा जातो, ऊन बाजूने येतं. पूर्वेकडेच बसावं लागलं तर एक स्टॉप कमी करून कानांच्या कडा उजळलेला फोटो घेतो. मखमली शिंगांचा नर असेल तर त्या लवेची कड सोन्याच्या तारेसारखी दिसते.

नाल्याच्या काठी गणित आणखी बदलतं. रात्रभर गार झालेली हवा सकाळी उतारावरून नाल्याच्या दिशेने खाली वाहते आणि उतारावर ऊन पडलं की वर चढू लागते. अंगाला वारा लागत नाही, पण वास जातच असतो. त्यासाठी सावरीचा कापूस उत्तम. एप्रिलच्या आसपास बोंडं फुटतात तेव्हा शहरातल्या रस्त्यावरच्या झाडाखालून गोळा करायचा, उद्यानातून नाही. बिया काढून काडेपेटीत ठेवायचा. चिमटीतून चार तंतू सोडले की ते पाच-सात मीटर कुठे जातात ते डोळ्यांनी दिसतं. टाल्कम पावडर हाताजवळच विरते आणि तिला वासही असतो. तंतू कळपाकडे गेले तर मी जागा बदलतो, समोर कितीही चांगला नर असला तरी. डासांचं मलम घरूनच लावून निघायचं, तिथे बसून नळी उघडली की तो वासही वाऱ्यावर जातो.

बसायचं कुठे, हे खाणं ठरवतं. हिवाळ्यात आवळ्याखाली, मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या फुलांचा सडा पडतो तिथे, आणि एरवी जिथे वानरं झाडावर आहेत त्याच्या खाली. वानरं अर्धवट खाऊन पाला आणि फळं टाकत असतात, चितळं ती वेचायला येतात. वानरांचा कळप पुढे सरकला की चितळंही मागोमाग सरकतात. म्हणून मी वानरांची दिशा बघून त्यांच्या पुढच्या झाडाशी वीस-पंचवीस मीटर अलीकडे, रस्त्याच्या कडेला बसतो. फेब्रुवारीनंतर सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी वाजतात, तेव्हा बसल्यावर पाय हलवायचे नाहीत. नायलॉनचं जॅकेट आणि व्हेल्क्रोच्या पिशव्या घरीच ठेवायच्या. बॅगेची चेन बसण्याआधीच उघडून ठेवायची.

बसण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. हे बिबट्याचं जंगल आहे. माणूस खाली बसला की लहान दिसतो. एकट्याने कधीही बसायचं नाही. दोघं हवेत, पाठीला मोरीचा कठडा किंवा जाड खोड, आणि दुसऱ्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाही तर मागे. मी जमिनीवर न बसता घडीच्या स्टुलावर बसतो. संध्याकाळी उजेड उतरायला लागल्यावर ही बैठक अजिबात नाही.

इतकं जमायला लागल्यावर फेब्रुवारीत निवडीचा नियम लावला: एकच नर. कळपातला एक जाणता नर निवडायचा आणि मे संपेपर्यंत त्याचेच फोटो. मी त्याला शिंगांवरून लक्षात ठेवलं, तिथेच चुकलो. चितळांचे सगळे नर एकाच वेळी शिंगं टाकत नाहीत. शेजारी पक्क्या शिंगांचे दोन नर उभे असतात आणि आपला नर एका आठवड्यात बोडका होऊन समोर येतो. ओळखायचं असेल तर अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखावं. ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि आयुष्यभर बदलत नाही. पाठीच्या कण्यालगतची ओळ आणि खांद्यामागचे पाच-सहा ठिपके कागदावर काढून ठेवावेत. डावी आणि उजवी बाजू सारखी नसते, म्हणून दोन चित्रं हवीत. कानाची फाटलेली कड असेल तर तीही नोंदवावी. हे एक काम ५० मिमीने होत नाही, ओळखीपुरती लांब लेन्स मी माफ केली आहे.

एप्रिल-मेमध्ये नर माजावर येतात. दोन नर शिंगाला शिंग लावतात तेव्हा त्यांचं भान सुटतं आणि फोटो सोपा होतो. त्या वेळी अंतर वाढवून वीस मीटर करतो. शिवाय शटर १/१००० हवं, नाहीतर शिंगांची टोकं पुसट येतात.

चितळ हाताखालून गेल्यावर सांबर आणि भेकर. सांबर दिवसा नाल्यालगत दाट सावलीत बसून असतं, म्हणून परवानगीच्या पायवाटेवर मातीत खूर बघत जावं लागतं. चितळाचा ठसा साधारण पाच सेंटिमीटर, सांबराचा सात-आठ, भेकराचा जेमतेम तीन. सांबराच्या मामल्यात मी हरलेलो आहे: त्याचा मोठा ‘ढांक’ ऐकू आला म्हणजे त्याने आपल्याला किंवा बिबट्याला आधीच पाहिलेलं असतं, आणि दोन्ही कारणांनी मागे फिरणंच बरं. भेकर एकटं हिंडतं, कुत्र्यासारखं भुंकतं आणि एकदा भुंकायला लागलं की बराच वेळ थांबत नाही. त्याच्यासाठी लेन्सचा नियम सोडून फक्त कानाचा नियम ठेवला. मे महिन्यात एका आटलेल्या डबक्याशी ते मिळालं: चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, मान खाली, दोन्ही कान मागे.

जूनचा पहिला पाऊस पडला की कारवी भराभर वाढते, पंधरा मीटरवरचंही दिसेनासं होतं. तेव्हा लेन्स सिलिका जेलच्या डब्यात जाते आणि मी ठिपक्यांचे कागद घेऊन बसतो. माझ्या नराच्या उजव्या खांद्यामागे चौथा आणि पाचवा ठिपका एकमेकांना चिकटलेले आहेत. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा तेच शोधायचे.