दहाव्या मिनिटाचा उजेड: खिशातल्या एलईडी टॉर्चची पारख

खोक्यावर '१,००,००० ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) छापलेली बोटभर टॉर्च नाशिकच्या एम. जी. रोडवर सहज मिळते. हा आकडा थाप आहे हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) आणि काचेत वाया जाणारं धरून चांगली एलईडी टॉर्च एका वॉटला साधारण १०० ल्युमेन देते. लाख ल्युमेन हवे तर १००० वॉट लागतील, म्हणजे घरातल्या इस्त्रीएवढी वीज, आणि तीही अंगठ्याएवढ्या सेलमधून.

असल्या टॉर्चचं सोडा. फसगत होते ती बऱ्या कंपनीच्या खोक्याने. त्यावर लिहिलेलं असतं '१००० ल्युमेन, ३ तास'. आत १८६५० मापाचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) ३००० एमएएचचा, म्हणजे ३ ॲम्पिअर-तास (एएच) साठवणीचा लिथियम सेल असतो. ३ एएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ११ वॉट-तास. १००० ल्युमेनला १० वॉट लागतात, म्हणजे जेमतेम एक तास. मग तीन तास आले कुठून? ते एएनएसआय एफएल-१ या मानकातून येतात. २००९ साली आलेल्या या अमेरिकन मानकात ल्युमेन मोजतात टॉर्च लावल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत, आणि वेळ मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. दोन्ही आकडे खरे, पण एकाच वेळी खरे नाहीत. म्हणून मी टॉर्च तोलतो ती दोन गोष्टींवर: दहाव्या मिनिटाला किती उजेड उरतो, आणि सगळ्यात मंद मोड किती मंद आहे.

तुलनेला चार जाती घेतल्या. किल्लीच्या जुडग्यातली एक ट्रिपल-ए सेलची, एक डबल-ए सेलची, टाइप-सी चार्जिंगची १८६५०वाली, आणि तोंड पुढे-मागे सरकवून फोकस बदलणारी झूमवाली. शेतावरची लेड-ॲसिडची चार्जिंग बॅटरी खिशात मावत नाही, म्हणून ती यात नाही.

मोजणीआधी सेल सारखे करून घ्यावे लागतात, नाहीतर टॉर्चऐवजी सेलचीच तुलना होते. लिथियम सेल पूर्ण चार्ज करून तासभर ठेवला की मल्टिमीटरवर ४.१५ ते ४.२० व्होल्ट दिसायला हवेत. डबल-एसाठी मी रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड वापरतो. दुकानातले स्वस्त झिंक-कार्बन सेल जास्त करंट मागितला की बसतात, आणि टॉर्चमध्ये विसरले तर पाझरून स्प्रिंग खातात. १८६५० सेलवर ९८०० एमएएच लिहिलं असेल तर तो सरळ बाजूला ठेवावा. या मापाचा चांगला सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतो आणि काट्यावर ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-बत्तीस ग्रॅमचा निघाला तर आत माल कमी आहे.

डबल-एच्या नळीत १४५०० नावाचा लिथियम सेलही बसतो, कारण माप तेच, १४ मिमी जाड आणि ५० मिमी लांब. पण तो ३.७ व्होल्टचा, भरलेला ४.२ चा, आणि डबल-ए १.२ किंवा १.५ चा. टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५०० चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घालून बघायच्या भानगडीत पडू नये. ड्रायव्हर जळू शकतो.

आता मुख्य मोजणी. रात्री, पांढरं छत असलेल्या छोट्या खोलीत, पडदे ओढून. टॉर्च शेपटीवर उभी करून झोत छताकडे, आणि दीड-दोन मीटरवर मोबाइल जमिनीवर स्क्रीन वर करून, त्यात लक्स (त्या जागी पडणारा उजेड) मोजणारं ॲप. मोबाइलचा उजेडाचा सेन्सर पुढच्या बाजूला, इअरपीसजवळ असतो. त्यावर स्क्रीनगार्डची कड येत असेल तर आकडे कमी येतात, पण सगळ्या टॉर्चना सारखेच कमी. इथे आपल्याला खरे ल्युमेन मोजायचेच नाहीत, प्रमाण काढायचंय. त्यामुळे जागांवर खडूने खुणा केल्या की मोबाइल हलवायचा नाही आणि मोबाइल बदलायचा नाही. पंखा बंद. फिरती पाती छतावरचा उजेड कापतात आणि आकडा नाचत राहतो. शिवाय पंख्याच्या वाऱ्याने टॉर्च थंड राहते आणि निकाल उगाच गोड येतो.

नोंद ३० सेकंद, १, ३, ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांना. समजा ३० सेकंदाला ९० लक्स आले आणि १० मिनिटांनी ३०, तर हातात उरला एक तृतीयांश. खोक्यावर १००० असतील तर तुमची टॉर्च कामाच्या वेळी ३३० ल्युमेनची. ही काही लबाडी नव्हे. दहा वॉटमधला मोठा हिस्सा उष्णता होतो, आणि शंभर ग्रॅम ॲल्युमिनियमला ती बाहेर टाकता येत नाही, म्हणून ड्रायव्हर स्वतःच उजेड उतरवतो. एप्रिलमध्ये स्लॅबखालच्या तापलेल्या खोलीत ही उतरण लवकर येते, निफाडच्या जानेवारीत उशिरा. हातात धरलेली टॉर्च टेबलावरच्या टॉर्चपेक्षा जास्त वेळ उजेड टिकवून धरते, कारण हात उष्णता ओढून घेतो. म्हणून एकदा उभी करून आणि एकदा हातात धरून, अशी दोनदा मोजणी करणं बरं.

आकड्यांपेक्षा वक्र जास्त बोलतो. नीट ड्रायव्हर असलेली टॉर्च एकदा पायरी उतरली की सरळ रेषेत चालते आणि शेवटी झपकन खाली येते. झूमवाल्या स्वस्त टॉर्चमध्ये नियंत्रण जवळजवळ नसतंच. सेलचा व्होल्टेज उतरेल तसा उजेड पहिल्या मिनिटापासून घसरत जातो. डोळ्यांना ते कळत नाही, डोळा सरावतो. उजेड दुप्पट झालाय असं वाटायला प्रत्यक्षात साधारण चौपट लागतो. ८०० आणि १००० ल्युमेनमधला फरक डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

फोकस मोजायला लांब पॅसेज पुरतो. ५ मीटरवर मोबाइल धरून झोताच्या मध्याचे लक्स बघायचे, त्याला २५ ने गुणलं की कॅन्डेला, म्हणजे झोताची तीव्रता. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मानकातलं 'अंतर'. ४०० लक्स आले तर १०,००० कॅन्डेला, वर्गमूळ १००, अंतर २०० मीटर. पण या अंतरावर पोचतो फक्त ०.२५ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. निम्म्या अंतरावर १ लक्स, पाव अंतरावर ४. काही नीट ओळखायचं असेल तर मी पाव अंतरच धरतो.

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे रात्रीची लाइट असली की दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जाणारे बिबट्याच्या धास्तीने लांब फोकसची टॉर्च मागतात. मागणी बरोबर आहे, पण झूमवाली त्यावर उत्तर नाही. तिचं तोंड पुढे ओढलं की चौकोनी ठिपका दूर जातो, त्याच्या बाजूला मात्र मिट्ट काळोख. बांधावर पायाजवळचं फुरसं त्या काळोखात राहतं. रिफ्लेक्टरच्या टॉर्चमध्ये मधला झोत लांब जातो आणि कडेचा पसरट उजेड पायाखाली पडतो, तीच घ्यावी. उसाच्या कडेने जनावराचे डोळे चमकतात का हे बघायचं असेल तर टॉर्च आपल्या डोळ्याजवळ, गालाशी धरावी. त्या डोळ्यांतून उजेड आला त्याच दिशेने परततो. कमरेशी धरलेल्या टॉर्चला ती चमक बरीच कमी दिसते. ब्रह्मगिरी किंवा हरिहरच्या धुक्यात याच्या नेमकं उलट: डोळ्याजवळ धरली की समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे टॉर्च खाली, मांडीजवळ धरून मधला मोड ठेवायचा.

मंद मोडकडे खरेदी करताना कोणी बघत नाही. घरात रात्री कोणाची झोप न मोडता उठायचं असेल तर १ ते ५ ल्युमेन पुष्कळ झाले. ज्या टॉर्चची सुरुवातच १०० ल्युमेनवर होते ती घरात त्रासच देते. मंद मोड कसा बनवलाय हेही तपासावं. स्वस्त ड्रायव्हर एलईडीला पूर्ण करंट देऊन भराभर चालू-बंद करतो. नळाची बारीक धार सोडून त्यावर मंद झोत मारा. धार अखंड दिसली तर ठीक. थेंबांची माळ हवेत थबकल्यासारखी दिसली तर लुकलुक आहे. मोबाइलचा कॅमेरा झोतावर धरला तर त्यातही काळे पट्टे सरकताना दिसतात. अशा उजेडात डोकं दुखतं अशी काहींची तक्रार असते. माझी हरकत वेगळी आहे: ही पद्धत सेलही जास्त खाते.

रंगाचा मुद्दा आवडीचा म्हणून सोडून दिला जातो, पण तो कामाचा आहे. ६५०० केल्विनची निळसर एलईडी कागदावर जास्त ल्युमेन दाखवते, म्हणून तीच जास्त विकली जाते. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ७० च्या अशा उजेडात मीटरच्या पेटीतली लाल आणि तपकिरी वायर पटकन वेगळी करता येत नाही, आणि कांदाचाळीत सडका कांदा चांगल्यात लपतो. ४००० ते ५००० केल्विन, सीआरआय ९० ची टॉर्च तेवढ्याच सेलवर थोडा कमी उजेड देते. मी तो तोटा डोळे झाकून पत्करतो. पारख सोपी आहे: पांढऱ्या भिंतीवर नाही, तळहातावर उजेड पाडायचा. हात मेलेला, राखाडी दिसला तर ती एलईडी नको.

बाजूला बटण असलेल्या टॉर्चमधला ड्रायव्हर बंद असतानाही थोडा जागा असतो. मागचं झाकण काढून मल्टिमीटरची एक सुई सेलच्या मागच्या टोकाला आणि दुसरी नळीच्या उघड्या कडेला लावली की हा गळता करंट मिळतो. मीटर मायक्रो-ॲम्पिअरवर असेल तेव्हा बटणाला हात लावायचा नाही. टॉर्च पेटली की मीटरचा फ्यूज उडतो. ५० मायक्रो-ॲम्पिअर म्हणजे वर्षाला ४३८ एमएएच, चालेल. १ मिली-ॲम्पिअर म्हणजे दिवसाला २४ एमएएच, ३००० चा भरलेला सेल १२५ दिवसांत संपला. कपाटात ठेवलेली टॉर्च पावसाळ्यात लाइट गेल्यावर का लागत नाही, त्याचं एक कारण हे. झाकणाच्या आट्यांवर ॲनोडायझिंग (वीज न वाहणारा थर) असेल तर झाकण पाव फेरा सैल करून सर्किट तोडता येतं. आटे चकचकीत उघडे असतील तर ही युक्ती चालत नाही. खिशात चुकून पेटून मांडी भाजण्यापासूनही हाच पाव फेरा वाचवतो.

पाण्याची परीक्षा मी शेवटी घेतो, बादलीत अर्धा तास, टॉर्च थंड असताना. तापलेली टॉर्च गार पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि चांगल्या ओ-रिंगमधूनही (सांध्यातल्या रबरी कड्यातूनही) पाणी आत ओढलं जातं. त्र्यंबकच्या पावसात नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. झूमवालीचं सरकतं तोंड इथे नापास होतं. टाइप-सीच्या रबरी झाकणावर मी भरवसा ठेवत नाही. ते नीट दाबलेलं नसलं की पाणी थेट पोर्टमध्ये. ओ-रिंगला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं तरी पुरे.

शेपटीतलं चुंबक स्कूटरच्या इंजिनापाशी किंवा मीटरच्या पेटीवर टॉर्च चिकटवायला झकास. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये मात्र त्यालाच लोखंडाचा चुरा चिकटतो आणि खिशात शिरतो. तिथे बिनचुंबकाची घ्या.

रोज खिशात ठेवायला माझी पसंती डबल-एवालीला. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो आणि शर्टाचा खिसा लोंबत नाही. शेत, ट्रेक, रात्रपाळी असेल तर १८६५०, पण सेल बदलता येणारा; आत कायमचा बसवलेला सेल दमला की टॉर्चच फेकावी लागते. ट्रिपल-एवाली कुलूप उघडण्यापुरती ठीक.

दुकानात काउंटरवर एवढं तरी करून बघावं: मंद मोडवर मोबाइल कॅमेरा धरणं, तळहातावर रंग पाहणं, झाकण उघडून आटे पाहणं, आणि स्ट्रोब (भराभर लुकलुकणारा मोड) रोजच्या क्लिकमध्ये तर येत नाही ना ते तपासणं. शिवाय दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल घरून न्यावी. स्वस्त टॉर्चमध्ये पोर्टजवळचे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, आणि मग ती नव्या मोबाइल चार्जरवर चार्जच होत नाही. दुकानदाराकडे बहुतेक वेळा जुनी चपट्या टोकाची केबल असते, तिच्यावर हा दोष दिसत नाही.