पीएचक्यू-९ भरून थेरपीचा निर्णय: माझा अनुभव

थेरपी घ्यावी की थोडं थांबावं, हे ठरवायला मी दोनच प्रश्नावल्या वापरल्या: उदासीसाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७. दोन्ही मोफत आहेत आणि डॉक्टरही याच वापरतात, त्यामुळे भरलेला कागद दवाखान्यात थेट दाखवता येतो. इतर चाचण्या करत बसू नये. पाच चाचण्यांचे पाच निकाल आले की माणूस सोयीचा तेवढा धरून बसतो. ॲपपेक्षा कागद बरा, कारण अशी उत्तरं परक्या सर्व्हरवर ठेवण्याची काहीच गरज नाही.

प्रश्न असतात मागच्या दोन आठवड्यांबद्दल. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. उत्तरं सर्वात जास्त चुकतात ती इथेच. आज मन खचलेलं असेल तर चौदाही दिवस तसेच वाटतात, आणि आज बरं असेल तर मागचं विसरायला होतं. म्हणून कॅलेंडर समोर ठेवून, कुठल्या दिवशी काय झालं ते आठवत एकेक प्रश्न सोडवला. भांडणानंतर किंवा रात्री झोप येत नाही म्हणून भरायला घेऊ नये.

पीएचक्यू-९ ची बेरीज ० ते २७ असते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. जीएडी-७ ची बेरीज ० ते २१, टप्पे ५, १० आणि १५. दोन्हींत १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवावं. पण १० म्हणजे निदान नव्हे. २००१ च्या मूळ अभ्यासात या रेषेने नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जण ओळखले, आणि नैराश्य नसलेल्या १०० पैकी १२ जणांनाही तिने धरलं. चाळणीचं काम एवढंच असतं.

माझा निर्णय ठरला तो पीएचक्यू-९ च्या शेवटी असलेल्या, बेरजेत न धरल्या जाणाऱ्या दहाव्या प्रश्नावर: या त्रासामुळे काम, घर सांभाळणं, लोकांशी जुळवून घेणं किती अवघड झालं? बहुतेक जण तो वाचतही नाहीत. स्कोअर ८ असूनही कामावर जाणं टळत असेल, आंघोळ-जेवण राहत असेल, तर वाट पाहू नये. स्कोअर ५ ते ९ आणि रोजचे व्यवहार सुरळीत असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरावी. १० ते १४ ला थेरपीपासून सुरुवात करणं योग्य. १५ किंवा जास्त असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषधाचा विचारही त्याच वेळी होतो.

नवव्या प्रश्नाचा हिशेब वेगळा. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, याचं उत्तर ० सोडून काहीही असेल तर बेरीज बाजूला ठेवावी आणि त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तसं करून बसण्याची भीती वाटत असेल तर एकटं राहू नये, थेट जवळच्या रुग्णालयात जावं.

झोप, थकवा, भूक, एकाग्रता या प्रश्नांचे गुण शरीराच्या आजारानेही वाढतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांबद्दल फॅमिली डॉक्टरांना विचारून घ्यावं. शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते. मात्र रिपोर्ट येईपर्यंत अपॉइंटमेंट पुढे ढकलू नये. आणखी एक गोष्ट ही प्रश्नावली विचारतच नाही: कधी काही दिवस झोप जेमतेम, तरी अंगात प्रचंड उत्साह, भरमसाट खर्च, डोक्यात विचारांची गर्दी असं झालं होतं का? झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. बायपोलर आजारात, म्हणजे असा अति-उत्साह आणि उदासी आलटून-पालटून येते त्यात, नुसतं नैराश्याचं औषध त्रास वाढवू शकतं.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ निवडताना आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारावा, यात संकोच नको. फी, सत्र किती मिनिटांचं आणि कोणत्या पद्धतीने काम करतात, हे फोनवरच विचारलं तर चालतं. खासगी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. केस पेपर काढून सकाळच्या ओपीडीत जावं, गर्दी धरूनच वेळ काढावा.

पहिल्या भेटीला भरलेला कागद न्यावा, आणि ज्या प्रश्नांना २ किंवा ३ पडले त्यांच्यासमोर एकेक खरा प्रसंग लिहावा. "झोप नाही" यापेक्षा "तीनला जाग येते, मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही" यातून तज्ज्ञाला खूप कळतं. नंतर दर काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरावी, रोज नको. बेरीज ५ किंवा जास्त गुणांनी उतरली तर ती खरी सुधारणा मानतात. एक-दोन गुणांच्या चढउताराने हुरळू नये, घाबरूही नये. महिना-दीड महिना उलटूनही आकडा हलत नसेल तर तो कागद थेरपिस्टसमोर ठेवून उपचारात काय बदलायचं हे विचारावं.