जर्मनीतला पगार : ऑफर लेटरवरचा आणि हातात पडणारा

"मामा, 54 हजार युरो म्हणजे आपले किती लाख?" स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आल्यावर चिंचवडच्या माझ्या भाच्याने पहिला प्रश्न हाच विचारला. पुण्याहून इकडे यायला निघालेली बहुतेक मुलं हाच गुणाकार करतात. त्यावरच शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ठरतो, घरी किती पाठवायचे ते ठरतं, आणि पहिला पगार झाला की सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्षाचे 54,000 म्हणजे महिन्याचे 4,500 युरो. हा ब्रुटो, म्हणजे कपातीच्या आधीचा आकडा. माणूस एकटा, मूलबाळ नाही, वय 23 च्या पुढे, आरोग्य विमा सार्वजनिक योजनेतला, असं धरू आणि 2025 चे दर लावू. पगाराच्या पावतीवर आधी लोनश्टॉयर, म्हणजे आयकर, दिसतो : सुमारे 660 युरो. मग विम्याच्या चार ओळी येतात. पेन्शनचे 9.3 टक्के, म्हणजे 418.50. बेकारी विम्याचे 1.3 टक्के, 58.50. आरोग्य विम्याचे 7.3 टक्के आणि वर आपल्या विमा संस्थेच्या जादा हप्त्यातला निम्मा वाटा. सरासरी जादा हप्ता धरला तर मिळून 384.75. शेवटी म्हातारपणी किंवा अपंगत्वात देखभालीची गरज पडली तर त्यासाठीचा विमा, 2.4 टक्के, 108 युरो. मूल असेल तर हाच दर 1.8 वर येतो. चारही ओळींची बेरीज 970 च्या घरात जाते आणि हातात 2,870 च्या आसपास पडतात. त्याला इथे नेटो म्हणतात. गुणाकार करायचाच असेल तर याचा करा, आणि तोही घरभाडं वजा करून.

आता ही पावती नीट बघा. इथे आलेला जो तो "टॅक्स फार कापतात" म्हणतो, पण या पगारावर टॅक्सपेक्षा विम्याचे पैसे 300 युरोंनी जास्त आहेत. ते पैसे वाया गेले असं समजणं मला पटत नाही. साधारण तेवढीच रक्कम कंपनीही आपल्यासाठी भरते, आणि ती ऑफर लेटरमधल्या 54,000 च्या बाहेरची असते. आपल्याकडे सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या आपल्यावरच्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफसुद्धा धरलेला असतो, त्यामुळे पुण्यातली ऑफर आणि इथली ऑफर शेजारी ठेवून तुलना करताना हा फरक लक्षात घ्यायलाच हवा.

आरोग्य विमा इथे 1883 पासून आहे, तेव्हाचे चॅन्सलर बिस्मार्क यांच्या काळापासून. आजारी पडलात तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते आणि पुढे विमा संस्था ब्रुटोच्या 70 टक्क्यांपर्यंत रक्कम देते. नोकरी गेली आणि मागच्या 30 महिन्यांत 12 महिने हप्ते भरलेले असतील, तर नेटोच्या साधारण 60 टक्के बेकारी भत्ता मिळतो, मूल असेल तर 67 टक्के. नोकरकपातीच्या बातम्या वाचून घरचे धास्तावतात, तेव्हा त्यांना हे जरूर सांगा.

पेन्शनचं गणित मात्र आपल्या पीएफसारखं नाही. पीएफ आपल्या नावाच्या खात्यात व्याजासकट साठत जातो. इथे आज कापलेले पैसे आजच्याच पेन्शनरांना जातात आणि आपल्या नावावर गुण जमा होतात. वर्षभरात देशाच्या सरासरीइतकं कमावलं की एक गुण. 2025 साठी ही सरासरी 50,493 युरो धरली आहे, आणि जुलै 2025 मध्ये एका गुणाचा भाव महिन्याला 40.79 युरो झाला. म्हणजे 54,000 च्या एका वर्षाच्या नोकरीने निवृत्तीनंतरच्या मासिक पेन्शनमध्ये त्या भावाने जवळपास 44 युरोंची भर पडते.

आयकराबद्दल लग्न झालेल्यांना एक सांगतो. नवरा-बायको दोघं इथे राहत असतील तर तिसरा कर वर्ग घेता येतो (पगारातून कर किती कापायचा ते या वर्गावरून ठरतं) आणि मासिक कपात बरीच कमी होते. जोडीदार अजून भारतात असेल तर इथला कर वर्ग एकट्या माणसाचाच, पहिला. आल्याबरोबर पत्त्याची नोंदणी करा म्हणजे 11 आकडी कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. तो कंपनीला वेळेत दिला नाही तर सहाव्या वर्गाने, सगळ्यात जड दराने, कपात होते. नोंदणीच्या वेळी धर्म विचारतात तो चर्चच्या करासाठी. हिंदूंना तो कर लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात रुजू झालात तर पुढच्या वर्षी रिटर्न नक्की भरा. दर महिन्याची कपात वर्षभर तेवढाच पगार आहे असं धरून झालेली असते, त्यामुळे बहुधा पैसे परत मिळतात. त्या वर्षातला भारतातला पगारही त्यात दाखवावा लागतो, कारण कराचा दर ठरवताना तो धरतात.

"परत आलो तर पेन्शनचे पैसे बुडाले का?" हा प्रश्न घरून हमखास येतो. नाही बुडत. भारत आणि जर्मनीतला सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. 60 महिने हप्ते भरले असतील तर निवृत्तीच्या वयात पेन्शन भारतात मिळते, आणि ती पात्रता मोजताना भारतात भरलेला काळही जोडता येतो. हप्ते 60 महिन्यांपेक्षा कमी भरले असतील तर जर्मनी सोडून 24 महिने झाल्यावर आपला वाटा परत मागता येतो. कंपनीचा वाटा मिळत नाही, आणि पैसे घेतले की इथले गुणही संपतात. भारतातल्या कंपनीने काही काळासाठी पाठवलेल्यांनी तिकडून निघण्याआधी ईपीएफओचं कव्हरेज सर्टिफिकेट घ्यावं, म्हणजे पीएफ चालू राहतो आणि इथली पेन्शन कपात लागत नाही. बाकीच्यांनी पेन्शनचा विमा क्रमांक आणि कंपनी दर वर्षी देते तो हप्त्यांचा दाखला फाइलला लावून ठेवावा. अर्ज भारतातून करायचा झाला तर हेच कागद लागतात.