काचेवर रंगवलेलं लंडन

दांडिया बाजारातली माझी आत्या फोनवर हमखास विचारते, "अगं, तू चित्रं काढतेस ना? मग ती लागतात कुठे?" प्रश्न रास्तच आहे. बडोद्याच्या फाईन आर्ट्समध्ये शिकलेल्या भाचीचं चित्र कुठल्या तरी भिंतीवर दिसावं, असं तिला वाटणारच. पण माझी चित्रं सिनेमात असतात, तीही दोन-चार सेकंद, नटांच्या मागे: डोंगर, आभाळ, एखादं जुनं शहर. या कामाला मॅट पेंटिंग म्हणतात. आम्ही ते संगणकावर करतो, पूर्वी ते काचेवर व्हायचं. आत्यासाठी, आणि तिच्यासारखा प्रश्न पडणाऱ्या सगळ्यांसाठी, आज पीटर एलेनशॉबद्दल लिहिते.

एलेनशॉ १९१३ साली लंडनमध्ये जन्मला. तरुणपणी तो गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. पर्सी डे हा तेव्हाच्या ब्रिटिश सिनेमातला या कलेचा उस्ताद. त्याच्या हाताखाली एलेनशॉ शिकला. 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) या चित्रपटातला हिमालय याच डेच्या हातचा. कथा हिमालयातल्या मठात घडते, पण सगळं चित्रीकरण इंग्लंडमध्ये झालं. तो दरीचा प्रसंग पाहताना आजही माझ्या पोटात गोळा येतो, आणि ती दरी रंगवलेली आहे हे मला पक्कं ठाऊक असतं.

हे जमायचं कसं? चित्रीकरण करताना चौकटीचा काही भाग काळा झाकून ठेवायचा. तेवढी फिल्म कोरी राहते. मग स्टुडिओत मोठ्या काचेवर उरलेलं दृश्य रंगवायचं, त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा एक्स्पोजर द्यायचं आणि चित्र त्या कोऱ्या जागेत बसवायचं. सांधा दिसता कामा नये. क्षितिज जुळलं पाहिजे, ऊन ज्या बाजूनं येतंय ती बाजू जुळली पाहिजे, सावलीतला निळसरपणासुद्धा. आणि बारीकसारीक तपशील भरत बसलं, तर पडद्यावर चित्र हे चित्रच दिसतं! एलेनशॉ मोकळ्या फटकाऱ्यांनी काम करायचा. जवळून नुसते रंगाचे ठिपके, कॅमेऱ्यातून पाहिलं की छपरं. माझ्या मते अशी नजर कमावणं हे प्रदर्शनात मांडायच्या चित्रापेक्षा तसूभरही कमी अवघड नाही.

डिस्नेचा 'ट्रेझर आयलंड' (१९५०) इंग्लंडमध्ये बनला. त्यात काम केल्यावर पुढे एलेनशॉ अमेरिकेतच जाऊन राहिला. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं. ते वरून कसं दिसेल याचं मोठं चित्र त्यानं आदल्या वर्षीच रंगवलं होतं. पण माझा जीव आहे तो 'मेरी पॉपिन्स' (१९६४) वर. त्यातलं लंडन १९१० सालचं, धुरांड्यांचं, धुक्याचं. आणि ते सगळं उभं राहिलं कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत. एलेनशॉच्या शंभराहून अधिक मॅट चित्रांचा त्यात मोठा वाटा होता. त्याबद्दल त्याला आणखी दोघांबरोबर विभागून ऑस्कर मिळालं.

लंडनचा माणूस सातासमुद्रापार बसून काचेवर लंडन रंगवतो, हे मला इथं लंडनमध्ये राहायला आल्यावर जास्त भिडलं. बडोद्यात असताना मांडवीचा दरवाजा किंवा सुरसागरावरची संध्याकाळ कागदावर उतरवावी असं कधी मनात आलं नव्हतं. आता सुट्टीच्या दिवशी स्केचबुक उघडलं की हात तिकडेच वळतो.

१९७९ च्या 'द ब्लॅक होल'नंतर एलेनशॉ सिनेमातून निवृत्त झाला आणि स्वतःच्या नावानं निसर्गचित्रं रंगवत राहिला. समुद्र हा त्याचा आवडता विषय. २००७ मध्ये, ९३ व्या वर्षी तो गेला. ही चित्रं म्हणजे खरी कला आणि काचेवरचं ते पोटापाण्याचं काम, अशी वाटणी मला मान्य नाही. समुद्राची चित्रं सुंदर आहेतच, पण मला विचाराल तर 'मेरी पॉपिन्स'मधली ती रात्रीची छपरं त्यांच्याहून सरस.

बडोदेकरांनी तर ही वाटणी कधीच करू नये. सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. पुढे पोटासाठी त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदेही रंगवले. १९१२ मध्ये ते याच लंडनला आले, इथल्या स्टुडिओत सिनेमा कसा बनतो ते पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. 'राजा हरिश्चंद्र' पुढच्याच वर्षी आला.

फाईन आर्ट्समधली मुलं मला विचारतात की या क्षेत्रात यायला कुठलं सॉफ्टवेअर शिकायचं. ते इथं आल्यावरही शिकता येतं. आत्ता कमाटीबागेत जाऊन बसा. एकच झाड सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला रंगवा, आणि सावलीत कुठले कुठले रंग दिसतात ते लिहून ठेवा. आभाळाचा तर रोज एक अभ्यास करा. नोकरीसाठी काम दाखवायची वेळ येईल, तेव्हा ती पानं आधी दाखवा.