फाट्याच्या तोंडाची हद्द कोणाची?

आमच्या वस्तीचा रस्ता मुख्य रस्त्याला जेथे मिळतो, त्या फाट्याच्या डाव्या हाताला उसाचे रान आहे. आडसाली लागण असली की तो ऊस जवळपास दीड वर्ष उभा असतो आणि वाढल्यावर मोटारसायकलवरच्या माणसाला मुख्य रस्त्यावरचे वाहन तोंडावर येईपर्यंत दिसत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पहाटे सव्वापाचच्या सुमारास आमच्या दूध संस्थेचा एक उत्पादक दोन कॅन घेऊन याच फाट्यावर आला आणि भरधाव टेम्पोखाली सापडला. मी संस्थेचा सचिव आहे. त्या सकाळी संकलनाच्या वहीत त्याच्या सभासद क्रमांकापुढची ओळ कोरी राहिली, आणि ती का कोरी आहे हे मला सात वाजता कळले.

फाट्यावर फलक नव्हता असे नाही. बाजूचा रस्ता दाखवणारा त्रिकोणी पत्रा बाभळीच्या फांदीखाली वाकून उभा होता. रंग उडालेला, कडेचा लाल पट्टा विटकरी झालेला. तो साध्या रंगाने रंगवलेला होता, त्यावर उजेड परतवणारा परावर्तक कागद नव्हता, त्यामुळे दिवसा तो फलक होता आणि रात्री नुसता पत्रा. वस्तीच्या रस्त्यावर, जेथे आमच्या माणसाने थांबायला हवे होते, तेथे लाल अष्टकोनी ‘थांबा’चा फलक कधी लागलाच नव्हता. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. चालकाला फाटा आहे हे फाट्यावर पोहोचल्यावर कळले तर त्या ज्ञानाचा कोणाला उपयोग नसतो.

नव्या फलकांसाठी ग्रामसभेचा ठराव, अर्ज आणि फोटो या गोष्टी पंधरा दिवसांत झाल्या. त्यात सांगण्यासारखे एवढेच, की मी पहिल्या वेळी दुपारचे फोटो जोडले आणि ते पाहून शाखा अभियंता म्हणाले, “फलक तर दिसतोय की, सचिव.” म्हणून फोटो रात्री काढावा, मोटारसायकलचा दिवा खालच्या झोतावर ठेवून, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. दुसऱ्या फोटोत नुसता काळोख आणि बाभळीचे खोड आले, तेव्हा ते गप्प बसले.

खरी अडवणूक पुढे झाली, आणि तिने जवळपास वर्ष खाल्ले. महाराष्ट्रात राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे कागदोपत्री ‘प्रजिमा’, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. आमचा मुख्य रस्ता पूर्वी इतर जिल्हा मार्ग होता आणि काही वर्षांपूर्वी त्याची दर्जोन्नती होऊन तो प्रजिमा झाला. जिल्हा परिषदेच्या उपविभागातील लिपिकाने माझा अर्ज वाचून शांतपणे सांगितले, “काका, हा रस्ता आमच्याकडून गेला.” मी तो अर्ज घेऊन दुसऱ्या कार्यालयात गेलो, तर तेथे उत्तर मिळाले, की रस्ता कागदावर आला असला तरी प्रत्यक्ष हस्तांतरण झालेले नाही, त्यामुळे खर्च टाकता येणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत अकरा खेपा घातल्या. दोन्ही इमारती एकाच रस्त्यावर, चालत सहा मिनिटांच्या अंतरावर आहेत, हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण एकाने दुसऱ्याला फोन करावा असे कोणालाही सुचले नाही. वस्तीच्या रस्त्याचे त्रांगडे वेगळेच होते: तो प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेला असल्याने पहिली पाच वर्षे त्याची देखभाल ठेकेदाराकडे होती, आणि ‘थांबा’चा फलक देखभालीत येतो की नवीन कामात, यावर दोन महिने गेले.

मध्यंतरी एका हितचिंतकाने सुचवले, की ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे वारंवार गंभीर अपघात होणारी जागा, म्हणून नोंदवून घ्या, मग काम आपोआप होईल. ते तसे होत नाही. केंद्राच्या निकषानुसार साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा मृत्यू. आमच्या फाट्यावर गावाच्या आठवणीत त्या काळात चार गंभीर अपघात झाले होते, पण पोलिसांच्या कागदांत त्यांतला एक ‘ओढ्याजवळ’, दुसरा शेजारच्या गावच्या हद्दीत आणि दोन आमच्या शिवारात नोंदवले गेले होते. पंचनाम्यात चालकाचा हयगयीचा वेग येतो. उसाची उंची आणि फलकाचा उडालेला रंग त्यात येत नाही. मी त्या टेबलासमोर बसून, आणखी एक अपघात झाला तर आपण पात्र ठरू, असा हिशेब क्षणभर केला, आणि स्वतःचीच लाज वाटून उठलो.

गाठ सुटली ती माहितीच्या अधिकाराने. ‘रस्ता कोणाचा’ असा प्रश्न विचारू नये, कारण मत देणे बंधनकारक नाही, कागद मागावा. मी दोन्ही कार्यालयांकडे जोडपत्र ‘अ’, म्हणजे माहिती मागण्याचा ठरलेला नमुना, भरून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दर्जोन्नतीच्या आदेशाची आणि हस्तांतरणाच्या पत्रव्यवहाराची प्रत मागितली. तीस दिवसांत एकाचे ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर आले, दुसऱ्याचे काहीच आले नाही. मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील केले. नोव्हेंबरातल्या सुनावणीच्या सकाळी तेच न आढळणारे पत्र एका तपकिरी फाइलीत सापडले आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांच्या सह्या होत्या. रस्ता तीन वर्षांपूर्वीच हस्तांतरित झालेला होता. मला आनंद होण्याऐवजी इतका संताप आला, की झेरॉक्सचे सुटे पैसे परत घ्यायचे राहिले.

येथे एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. अर्जात ‘अमुक फाट्याजवळ’ असे न लिहिता साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्यावरचे किलोमीटर-मीटरमधले नेमके अंतर, लिहावा. किलोमीटरच्या दगडापासून फाट्यापर्यंतचे अंतर मी संस्थेच्या मोजपट्टीने मोजले आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तेच लिहिले. त्यानंतर ‘नेमके ठिकाण कळवावे’ हे उत्तर बंद झाले. तसेच आवक विभागाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नये. माझे पहिले दोन अर्ज साहेबांच्या हातात दिले होते म्हणून ते कोठेच नोंदले गेले नाहीत, आणि त्यात माझाही भाबडेपणा होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला मी पत्र फार उशिरा पाठवले. तेथे पोलीस, परिवहन आणि बांधकाम खाते एकाच टेबलावर बसतात, त्यामुळे ते मार्च महिन्यातच पाठवायला हवे होते. गतिरोधकाची मागणी मात्र ग्रामसभेत कितीही टाळ्या घेत असली तरी फलकांच्या आधी करू नये. आमच्या शेजारच्या गावाने रातोरात मुरूम टाकून उंचवटा केला, त्यावर ना पट्टे ना फलक, आणि त्यावरून पहिल्याच आठवड्यात एक बाई गाडीवरून पडल्या.

काम मार्चअखेरच्या आठवड्यात झाले. निधी संपवायची घाई नसती तर कदाचित तेव्हाही झाले नसते. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फाट्याच्या बऱ्याच अलीकडे परावर्तक त्रिकोण लागले, वस्तीच्या तोंडाला ‘थांबा’ आणि जाड पांढरी रेषा आली, बाभळीची फांदी तोडली गेली. खांब रोवायला आलेल्या दोघांना मी चहा दिला आणि नटांची डोकी वेल्डिंगने बुजवून घेतली, कारण ॲल्युमिनियमचा पत्रा भंगारात विकला जातो. ऊस मात्र तसाच आहे. शेतकऱ्याशी बोलून फाट्याच्या कोपऱ्यातल्या चार सऱ्यांत भुईमूग घ्यायचे ठरले आहे, आणि पहिल्या वर्षी त्याने शब्द पाळला.

फलक लागून दोन महिने झाले नसतील, तोच एकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बरोबर त्या त्रिकोणावर बांधला गेला. मी सकाळच्या संकलनानंतर विळ्याने दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्सची घडी करून संबंधितांच्या घरी पोहोचवली. ते आमच्या भावकीतलेच आहेत. तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत, पण पुढचा फ्लेक्स त्यांनी त्यांच्याच घराच्या गच्चीवर लावला.