मॅडम, चार्ट कधी देणार?

नवीन पेशंट आली की पहिल्या दोन मिनिटांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. बाई आत येतात, चपला दाराशी, पर्स खुर्चीवर, मग घड्याळ काढतात, मोबाईल बाजूला, ओढणी बाजूला आणि मग खोलीभर नजर फिरवतात की काटा कुठाय. परवा एकींनी तर कानातले झुमकेसुद्धा काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "सकाळपासून पाणीपण नाही प्यायलेय मॅडम." दुपारचे साडेबारा, एप्रिल महिना, पुणे. मी आधी त्यांना माठातलं पाणी दिलं. काटा आहे हो माझ्याकडे, खोटं कशाला बोलू, पण तो कपाटात खालच्या कप्प्यात असतो आणि रद्दीवाला आला की तेवढा बाहेर येतो, कारण त्याच्या तागडीवर माझा विश्वास नाही.

मी डाएटिशियन आहे, पण वजन कमी करायचे चार्ट देत नाही. माझा दीर म्हणतो, वहिनी म्हणजे कात्री नसलेला न्हावी. हसतो आम्ही पण त्यात खरंय थोडं, कारण लोक चार्टसाठीच येतात आणि चार्ट मिळणार नाही म्हटल्यावर बरेच जण दुसऱ्यांदा येत नाहीत, घरभाडं मात्र दर महिन्याला येतं.

पूर्वी मीपण द्यायचे. २०११ मध्ये एका वेट लॉस सेंटरला लागले तेव्हा कॉम्प्युटरवर चार-पाच चार्ट तयारच असायचे, वर फक्त नाव बदलायचं. सकाळी चार भिजवलेले बदाम, दुपारी एक फुलका, वाटीभर वरण, काकडी, संध्याकाळी मूठभर कुरमुरे. १२०० कॅलरी. भिंतीवर बिफोर-आफ्टरचे फोटो, त्यात माझ्या एका पेशंटचा फोटो होता, नऊ किलो उतरवले होते तिने, सेंटरवाल्यांनी पेढे वाटले. दीड वर्षाने ती परत आली तेव्हा नऊच्या जागी बारा चढले होते आणि भिंतीवर तिचा फोटो तसाच. ती मला म्हणाली, सॉरी मॅडम, मीच कमी पडले. ती मला सॉरी म्हणाली! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नंतर कधीतरी मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत अँसल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे समजावं म्हणून. ही पोरं दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ताटं चाटायला लागली, चिडचिडी झाली, आणि नंतर मनसोक्त खायला मिळालं तेव्हा कितीतरी जणांचं पोट भरलं तरी भूक काही जाईना. आणि त्यांना अर्धपोटी म्हणजे किती देत होते, तर दिवसाला साधारण १५७० कॅलरी. मी ते वाचून पुस्तक मिटवलं. मी सकाळी साडेपाचला उठून तीन डबे भरणाऱ्या, लोकलला नाहीतर पीएमटीला लटकून ऑफिस गाठणाऱ्या बायकांना १२०० देत होते आणि वर विचारत होते की रात्री कंट्रोल का नाही राहात.

आपल्याकडे हे सांगायला मिनेसोटाला जायची गरजच नव्हती म्हणा. एकादशी अन् दुप्पट खाशी. आजीला माहीत होतं. आपण ते चेष्टेने म्हणतो, उपासाच्या दिवशी साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस हाणणाऱ्याला, पण शरीराचं गणित तेच आहे, दिवसभर तोंड बांधून ठेवलंत तर रात्री ते सुटणारच, त्यात तुमचं मन कच्चं वगैरे काही नसतं.

बीएमआयचं, म्हणजे उंची आणि वजनावरून काढतात त्या आकड्याचं पण तसंच. बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने १८३० च्या दशकात सरासरी माणूस कसा असतो हे बघायला ते सूत्र काढलं, तो डॉक्टर नव्हता. आणि आपल्या पुण्यातलंच उदाहरण सांगते, मला फार आवडतं ते. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला होता. आता यावरून कोणी म्हणेल की बघा, आपण भारतीयांनी बारीक असून पण घाबरायला हवं. मी म्हणते घाबरू नका, शुगर तपासा. बारीक माणसाची पण तपासा आणि जाड माणूस गुडघा दुखतो म्हणून आला तर आधी गुडघा तपासा, आल्या आल्या "वजन कमी करा" सांगून पाठवू नका.

म्हणजे काहीही खा असं मी सांगते, हा एक गैरसमज आहे. माझ्याकडे एक काकू येतात, डायबेटिस, एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.८. आंबा बंद, दहा वर्षं. घरात सगळ्यांना माहीत की काकू आंबा खात नाहीत. तिसऱ्या वेळी माझ्याकडे दार लावून घेऊन सांगितलं की दुपारी सगळे झोपले की स्वयंपाकघरात सिंकपाशी उभं राहून खाते, दोन, कधी तीन, घाईघाईत, कोय चोखून सालं कागदात गुंडाळून खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून येते. साठीची बाई, स्वतःच्या घरात, चोरून. मी म्हटलं काकू, उद्यापासून ताटात घ्यायचा. उसळ, भाजी, पोळी, भात थोडा कमी आणि दोन फोडी, बसून, चव घेऊन, आणि दोन तासांनी ग्लुकोमीटर लावायचा नि मला आकडा कळवायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा फोन केला. आकडा सिंकपाशी खाल्ल्यावर यायचा त्याच्यापेक्षा कमी आला, यायलाच हवा, तीन आंबे कुठे अन् दोन फोडी कुठे. चार महिन्यांनी ७.१. गोळ्या डॉक्टरांनी त्याच ठेवल्या होत्या. वजन किती झालं ते मला माहीत नाही, खरंच.

हल्ली वजन कमी करायच्या इंजेक्शनबद्दल पण विचारतात, २०२५ मध्ये मोंजारो भारतात आल्यापासून जास्तच. ते तुमच्या डॉक्टरांशी बोला, घेत असाल तर मला फक्त लपवू नका, कारण भूक मेलेल्या माणसाने काय खायचं हा प्रश्न माझाच आहे.

आणि हो, मी स्वतः जाड आहे. लग्नाकार्यात पंगतीत मी दुसरा जिलबीचा तुकडा घेतला की कुणीतरी मामी म्हणणारच, "काय गं, डाएटिशियन ना तू?" पूर्वी मी तो परत ठेवायचे. आता म्हणते हो मामी, म्हणूनच, मठ्ठा वाढा.

तर त्या झुमकेवाल्या बाई. बँकेत आहेत, आजवर सात डाएटं झालीयेत, तक्रार एकच, रात्री अकरानंतर फ्रीजपाशी जातात आणि मग फरसाण, मुलांची चॉकलेटं, उरलेला भात, काय दिसेल ते. मी विचारलं दुपारी काय खाता, तर एक फुलका नि सॅलड. पोट भरतं? असं कोणी विचारलंच नव्हतं म्हणाल्या. घरी वाढतं कोण, शेवटी कोण बसतं, मुलांच्या ताटातलं उरलेलं कोण संपवतं, सगळ्याचं उत्तर मीच, मीच, मीच. चाळीस मिनिटं बोललो. उठताना परत विचारलंच, "मग चार्ट कधी देणार मॅडम?" मी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, दुपारी तीन पोळ्या, डाळ नाहीतर उसळ, भाजी, बसून. एवढंच. त्यांनी ती दोनदा वाचली, उलटून मागे काही आहे का बघितलं, घडी घालून पर्समध्ये ठेवली, म्हणाल्या, "ह्यांना दाखवते, विश्वास नाही बसायचा." आणि गेल्या. दोन मिनिटांनी जिन्यातून धापा टाकत परत वर, झुमके टेबलावरच राहिले होते.