मंडळाच्या वर्कशॉपमधले बाक: पावसाळ्याआधीची नोंद

सुतारकामाचा पहिला बाक उभा आहे आणि त्यावर काम सुरू झालंय. दुसऱ्याचा सांगाडा बोल्ट लावून तयार आहे, माथ्याच्या फळ्या बसायच्यात. तिसरा ठेंगणा, खाली बसून काम करणाऱ्यांसाठीचा. त्याचं लाकूड अजून भिंतीला टेकून सुकतंय. पाऊस लागायच्या आत दुसरा पुरा करायचा, असं ठरलंय.

जागा बेळगावात अनगोळच्या बाजूला, आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाची जुनी खोली. गणपतीचे देखावे इथंच होतात, वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथाचे सांगाडेही इथंच ठोकले जातात. बाकीचं वर्ष खोली रिकामी असायची. आता शनिवार-रविवारी ती सगळ्यांना खुली आहे. कुणी पाटाचे पाय दुरुस्त करतं, कुणी शाळेचा प्रकल्प घेऊन येतं, कॉलेजची पोरं गिटारचं खोकं बनवायच्या नादात आहेत. आजवर हे सगळं जमिनीवर किंवा दोन ड्रमांवर टाकलेल्या प्लायवर चालायचं.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घेतली. घरच्या बाकावर आपण काय करणार हे आपल्याला ठाऊक असतं. मंडळाच्या बाकावर कुणी वेल्डिंगचा तुकडा ठेवेल, कुणी पटाशी आरपार घालेल, कुणी रंगाचा डबा उलटा करेल. त्यामुळे बाक शोभेचा नको, उघडता येणारा हवा. माथ्याची एक फळी खराब झाली तर तेवढीच काढून दुसरी बसवता आली पाहिजे. म्हणून मुख्य सांधे सगळे नटबोल्टचे. फेव्हिकॉल फक्त पायांना, कारण एकेक पाय दोन फळ्या जोडून केलाय. दोन्हींचे तंतू एकाच दिशेनं उभे आहेत, त्यामुळे त्या बरोबरीनं फुगतात आणि बरोबरीनं आटतात.

लाकूड

सागवानाचा विचार केलाच नाही. खानापूरचं जंगल शेजारी आणि दांडेलीच्या सरकारी डेपोतले लिलाव ठाऊक असले, तरी सागवानावर पटाशीचे घाव घालायला कुणाचं मन होईल? निलगिरी स्वस्त आणि जड, पण सुकताना पिळते नि तडकते. सिल्व्हर ओक चांगला वाटला, पण रुंद फळ्या मिळेनात. खानापूरकडच्या एका जुन्या कौलारू घराच्या मोडणीत मत्तीचे वासे मिळाले, ते ठेंगण्या बाकासाठी राखून ठेवलेत. मत्ती म्हणजे आपला ऐन. वर्षानुवर्षं छपराखाली सुकलेलं लाकूड आता कशाला पिळतंय! फक्त खिळे शोधून काढायला धीर पाहिजे.

उरलेलं बहुतेक लाकूड उद्यमबागेतून आलं. तिथल्या कारखान्यांत यंत्रं परदेशातून येतात ती पाइनच्या मोठ्या पेट्यांत. यंत्र बाहेर निघालं की पेटी भंगारात जाते. पेटी घेताना शिक्का बघायचाच. गव्हाच्या ओंबीचं चित्र, देशाचा दोन अक्षरी संकेत आणि प्रक्रियेची अक्षरं त्यावर असतात. एचटी असेल तर लाकडाचा गाभा किमान 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेला आहे असं समजायचं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ती पेटी आम्ही घेत नाही. तेलाचे डाग मुरलेल्या फळ्याही नाहीत, रंधल्यावरसुद्धा वास जात नाही.

एचटीचा अर्थ पुष्कळांना 'वाळवी लागणार नाही' असा वाटतो. तसं नाही. तापवताना आत असलेले किडे मरतात, नंतर येणाऱ्या वाळवीला ते लाकूड मोकळंच असतं. आपल्याकडच्या ओल्या भिंतींचा विचार करता पाय थेट जमिनीवर नकोतच. पायांच्या खालच्या टोकांना ऑइल पेंटचे दोन हात दिले आणि खाली टायरचे तुकडे ठोकले. ओल चढत नाही, आणि बाकही सरकत नाही.

पेटीचे खिळे पिळाचे असतात, उपटायला गेलं तर फळीच फाटते. दोन फळ्यांच्या फटीत हॅक्सॉचं ब्लेड घालून खिळा मध्येच कापायचा, हे सगळ्यात सोपं. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फळीवरून फिरवायचं. जिथं ते ओढ खातं तिथं खडूची खूण. रंध्याचं पातं वाचतं.

सांगाडा

लांबी 6 फूट, माथा 22 इंच रुंद आणि अडीच इंच जाड, उंची साडेबत्तीस इंच. पुढंमागं माथ्याच्या खाली 9 इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा दोन उभ्या फळ्या, पायांना बोल्टनं आवळलेल्या. बाकाची खरी ताकद यांच्यात आहे. फळीची उभी रुंदी दुप्पट केली की वाकण्याला तिचा विरोध आठपट होतो, म्हणून जाड माथ्यावर पैसे घालण्यापेक्षा रुंद फळी खाली लावलेली बरी. प्रत्येक पायाला दोन बोल्ट, एकाखाली एक, एकमेकांपासून जमेल तेवढे लांब. एकच बोल्ट असेल तर रंधा मारताना पाय त्याच्याभोवती बिजागरीसारखा फिरतो.

सगळं मिळून साडेपाच घनफुटांच्या आसपास लाकूड लागलं. पाइन घनफुटाला अंदाजे 14 किलो, म्हणजे बाक 75 किलोच्या घरात. खाली फळी टाकून वाळूची पोती ठेवायची योजना होती, तेव्हा आमच्या गल्लीतले सुतारमामा, जे आयुष्यभर जमिनीवर बसून काम करत आलेत, म्हणाले,

"पोती कशाला रे एवढी?"

"वजन पाहिजे की मामा. रंधा मारताना सरकतंय."

"मग ठेव. बाक हलतोय तर माणूस बाकाशीच झटत बसतोय, लाकडाकडं लक्ष कुठलं?"

पोती ठेवली. फरक पहिल्याच रंध्याला हाताला कळला.

बोल्ट 10 मिलिमीटरचे आणि वॉशर मोठे, कारण पाइन मऊ. लहान वॉशर लाकडात रुतून बसतं. बेळगावच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून आडवं फुगतं, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात आटतं, आणि तेव्हा प्रत्येक नट थोडा सैल होतो. लांबीत फरक जवळजवळ नसतो, सगळा खेळ रुंदीचा. म्हणून माथ्याच्या फळ्यांची भोकं आडव्या दिशेनं लांबट केलीत आणि दोन फळ्यांत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट ठेवलीय. पाना बाकाच्या पायालाच दोरीनं बांधलाय, नाहीतर तो हमखास कुणाच्या तरी घरी जातो.

पकड आणि उंची

वाईस, म्हणजे लाकूड आवळून धरणारा शिकंजा, महाग पडतो, सगळे मिळून एकच घेऊ. बाकी काम लोहाराकडून वाकवून आणलेल्या पकडींवर चालतंय. 18 मिलिमीटरची गोल सळी, माथ्यात 20 मिलिमीटरचं भोक. वरून मोगरीचा घाव घातला की सळी भोकात तिरपी अडकते आणि काम दाबून धरते. मागून एक टोला, की मोकळी. सळी गुळगुळीत असेल तर घसरते, कानशीनं थोडी खरखरीत करावी. भोकं रांगेत पाडायची घाई करू नका. काम करत जा, जिथं पकड हवीशी वाटेल तिथंच भोक पाडा.

उंचीसाठी माप: सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाच्या वळीपर्यंत माथा यावा. पण रोज वेगळी माणसं येणार, म्हणून दोन उंच बाकांत दोन इंचांचा फरक ठेवलाय. दुसरा साडेतीस इंचांचा होईल.

ठेंगणा बाक मामांच्या सांगण्यावरून, जेमतेम 18 इंच. त्यावर घोड्यासारखं बसून किंवा पायानं लाकूड दाबून काम करता येतं. आपल्याकडचे सुतार पिढ्यानपिढ्या पायालाच वाईस मानत आले आणि त्यांचं कसब उभ्या बाकामुळे वाया जावं, हे मला पटत नाही. मुलांनाही हीच उंची सोयीची. याचे पाय खाचा पाडून बसवायचे आहेत, बोल्ट नाहीत. मत्ती कडक आहे, पटाशीला रोज धार लावावी लागेल.

आता राहिलंय: दुसऱ्याचा माथा, वाईसची जोडणी आणि पहिल्या बाकाच्या पुढच्या फळीला लांब फळी टेकवायच्या खुंट्यांची भोकं. माथा रंध्यानं शेवटचा सपाट करायचं काम मुद्दामच दिवाळीनंतरवर ढकललंय. लाकडानं एक पावसाळा काढला की कुठली फळी वर उचलली ते दिसेल, आणि मग एकदाच रंधा फिरवू.